'भगवान जी' लिहिलेला खोका

तेलीबाग, लखनौ
१७ फेब्रुवारी २०२६, संध्याकाळ

चि. नीलम,
अनेक आशीर्वाद.

ट्रक दुपारी दीड वाजता गेला. दोन दिवसांत नागपूरला तुझ्या दारात उभा राहील असं पॅकर्सवाला म्हणाला. हे लोक एरवी कधी वेळ पाळत नाहीत, पण आपल्याला नको असतं तेव्हा नेमकी पाळतात. म्हणून आधी कामाचं सांगते. सामानात एक खोका आहे, त्यावर लाल स्केचपेननं 'भगवान जी' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. अक्षर शेजारच्या विभाचं आहे. तो खोका उघडू नको. बाकीचे फोड, न फोड, तुझी मर्जी. तो तेवढा भिंतीशी तसाच ठेव, मी आले की मीच उघडीन. एवढं ऐक आईचं.

हे पत्र उद्या निघताना स्पीड पोस्टानं टाकीन. फोन कुठे करणार? आठ वर्षांपूर्वी गेलीस ती नंबर बदलून. तक्रार नाही करत. डिसेंबरात मी तुझ्या शाळेच्या पत्त्यावर लिहिलं की बाबांचे हात कापतात, घर सांभाळणं होत नाही, आणि तुझ्या चार ओळी आल्या, त्याही हिंदीत. 'जय भीम। नीचे के दो कमरे ख़ाली हैं, आ जाइए। सामान मैं उतरवा लूँगी। बाबा से बात करूँगी, ऐसा मत समझिए।' किती वेळा वाचल्या ते विचारू नको. नागपूरच्या शाळेत मराठीतून शिकवतेस आणि आईला हिंदीत लिहितेस. कळलं मला काय म्हणायचंय ते.

गाडीसुद्धा ट्रकवर चढवा, आपण रेल्वेनं जाऊ, असं म्हटलं तर बाबा अंगावर आले. "पस्तीस वर्षांपूर्वी एक पेटी घेऊन आलो, आता स्वतःच्या गाडीनं जाईन." स्टिअरिंगवर ठेवले की हात कापत नाहीत म्हणे. कापतात. मी शेजारी बसते ना, मला दिसतं. तीन दिवस लावू, पन्नासच्या वर जायचं नाही, असं कबूल करून घेतलंय.

घर रिकामं झालं. लोखंडी कपाट विभाला देऊन टाकलं, तिला फार आवडायचं. तुला आठवतं ना ते? कसं नाही आठवणार! वरच्या कप्प्यात बुद्ध आणि बाबासाहेब, खाली माझ्या साड्या. पौर्णिमेला दोन्ही दारं उघडायची, मेणबत्ती लावायची, हळू आवाजात त्रिसरण म्हणायचं, आणि बेल वाजली की फुंकर मारून दारं बंद. तू तीन वर्षांची होतीस तेव्हा कोणाच्याही घरी गेलीस की त्यांच्या कपाटापुढे हात जोडून उभी राहायचीस. लोक हसायचे, मी पण हसायचे.

मूर्ती कपड्यांच्या बॅगेत ठेवली. बाबासाहेबांचा फोटो टॉवेलात गुंडाळून माझ्याजवळ ठेवलाय, तो गाडीत मांडीवर घेईन.

खोक्याचं विसरू नको.

तुझी आई


झाशी
१८ फेब्रुवारी, संध्याकाळ

नीलम,

सकाळचं पत्र टाकलं, आणि कानपूर यायच्या आत डोक्यात आलं की नुसतं 'उघडू नको' लिहिलंय म्हणजे तू आधी तोच उघडशील. तसलीच आहेस तू लहानपणापासून. तेव्हा सांगूनच टाकते. बाबा लॉजमध्ये झोपलेत, मी खाली बाकावर बसून लिहितेय.

खोक्यात देव नाही. तुझा फोटो आहे. बँकेत लागलीस तेव्हा आयकार्डासाठी काढलेला, तोच मोठा करून घेतला. त्याला फ्रेम आहे, हार आहे आणि खाली हिंदीत पट्टी आहे: 'स्व. कु. नीलम रामटेके'. शेजारी तारीख, १२ फ़रवरी २०१८.

वाचलंस? आता पुढचं वाच, मग द्यायच्या त्या शिव्या दे.

बाबा टेलिफोन खात्यात बदलीवर लखनौला आले तेव्हा तू पोटात होतीस. अलीगंजला खोली बघायला गेलो. नागपुरात आडनाव सांगितलं की समोरच्याला पुढचं सगळं कळतं. इथे कोणाला काहीच कळत नव्हतं. तिवारीजी, घरमालक, म्हणाले, "महाराष्ट्र के ब्राह्मण हैं न आप?" बाबा हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, नुसते हसले. मी मागे उभी होते, पाय सुजलेले, मला खोली पाहिजे होती. वाटलं, बाळंतपण होईपर्यंत चालू दे. मग तुझी शाळा होईपर्यंत, मग आपलं स्वतःचं घर होईपर्यंत. तेलीबागला स्वतःचं घर झालं तरी कपाट आतल्याच खोलीत राहिलं. ज्या शहरात बाबासाहेबांच्या नावाचा एवढा मोठा दगडी पार्क, तिथे आम्ही रविवारी तुला घेऊन फिरायला जायचो, पुतळ्यापुढे माझे हात आपोआप जुळायला लागले की बाबा म्हणायचे, "लोक बघून राहिले."

तुझ्या साखरपुड्याचं तुला काय सांगायचं! पण माझ्या बाजूनं एकदा लिहू दे. गजेंद्रच्या घरच्या बायका म्हणाल्या, लग्नाच्या साड्या दाखवा. मी म्हटलं, किल्ली सापडत नाही. तू माझ्या कमरेची किल्ली ओढलीस आणि दोन्ही दारं सताड उघडलीस. "ये हैं हम." गजेंद्रची आई चहाचा कप तसाच ठेवून उठली. ते गेल्यावर बाबांनी तुझ्या थोबाडीत मारली. आणि मी? मी आधी कपाट बंद केलं. तुझ्याकडे नंतर बघितलं.

सकाळी तू गेलीस. गजेंद्रच्या घरच्यांनी तोंड उघडलं नाही, त्यांनाही आपली अब्रू होती. पण गल्ली विचारायला लागली, शादी का क्या हुआ, बिटिया कहाँ है. चौथ्या दिवशी बाबांनी बाहेरच्या खोलीत बसून सांगून टाकलं की नागपूरला जाताना अपघात झाला, बारा तारखेलाच गेली, तिकडेच सगळं उरकलं. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येऊन 'खोटं आहे' म्हणायला चार पावलं होती गं. नाही टाकली. विभा गळ्यात पडून रडली, मग मीही रडले. मला रडायचंच होतं, तिनं निमित्त दिलं.

मग विभा म्हणाली, तेरहवीं करावी लागेल. बाबा म्हणाले, करू, नाही केली तर संशय येईल. श्राद्ध करणार नाही ही प्रतिज्ञा तुझ्या आजोबांनी छप्पन साली नागपूरच्या मैदानात उभं राहून घेतली होती, आणि त्यांच्या मुलानं जिवंत पोरीसाठी तेरा ब्राह्मण पत्तलीवर बसवले. पंडितजी म्हणाले, बिटियाला आवडायचं ते करा. मी सांबारवडी केली. खाली बसून सांबार निवडला, कोथिंबिरीच्या जुड्याच्या जुड्या, त्याचं सारण बेसनाच्या पारीत भरलं, तळून काढल्या, आपल्या हातानं वाढल्या. "वाह, भाभीजी," म्हणाले. तेरा जणांनी खाल्लं, हात धुतले, तुझ्या आत्म्याला शांती मागितली आणि गेले. त्यानंतर मी सांबारवडी केलेली नाही.

तेव्हापासून तू हार घालून बाहेरच्या खोलीत आणि बाबासाहेब आत कपाटात.

हा फोटो मी निघण्याआधी उतरवणार होते. पट्टी खरवडून गाडीत घेणार होते. टाकणार नव्हते, तुझा एवढा मोठा दुसरा फोटो नाही माझ्याकडे, आणि कोणी नसलं की मी बोलायचे त्याच्याशी. पण काल पॅकर्स ठरल्या वेळेच्या दोन तास आधी टपकले. मी मागे गॅस सोडवत होते. विभानं फोटो आपल्या हातानं उतरवला, स्वतःच्या नव्या दुपट्ट्यात गुंडाळला, खोक्यात घातला आणि वर 'भगवान जी' लिहिलं, म्हणजे हमाल आदळणार नाहीत. ट्रकात सगळ्यात शेवटी ठेवायला लावला, म्हणजे पहिला उतरेल. मी पुढे आले तोवर ट्रकचं दार लागत होतं. 'तो खोका उतरवा' म्हणायला तोंड उघडलं. विभा शेजारी उभी, डोळे पुसत होती. काय कारण सांगू तिला?

तू आठ वर्षांनी दार उघडलंस, नीलम. आणि त्यातून पहिलं हे आत येणार.

आई


सागर
१९ फेब्रुवारी, संध्याकाळ

नीलम,

झाशीचं पत्र टाकलं नाही. पर्समध्येच आहे. टपालपेटीपर्यंत गेले होते.

आज ललितपूरच्या पुढे बाबांना सांगितलं. त्यांना माहीतच नव्हतं की फोटो ट्रकात आहे, त्यांना वाटलं मी टाकून दिला. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. ट्रक शेजारून जायचे आणि आपली वॅगनआर हलायची. म्हणाले, "परत लखनौला चल."

"कोणाच्या घरी?" मी म्हटलं. "चाव्या दिल्या ना काल सकाळी."

"मग तिला सांग, विभाकडून चूक झाली."

"विभानं फोटो ठेवला. पोरगी मारली कोणी?"

छत्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना असं बोलले नव्हते. त्यांनी गाडी चालू केली आणि शंभर पावलांवर डावीकडच्या दगडाला घासली. माझ्या बाजूचा आरसा गेला. माणसांना काही झालं नाही. पण नंतर मी त्यांच्या हातांकडे बघितलंच नाही, खिडकीतून बाहेर बघत बसले. वाटलं, लागू दे कुठे तरी. हे आईनं लिहू नये, पण वाटलं खरं.

दुपारी ट्रकच्या ड्रायव्हरला फोन लावला. "मैडम, सामान तो उतर गया, सुबह ही." मी विचारलं, कोणी उतरवून घेतलं? "दीदी थीं। बहुत अच्छी हैं, चाय पिलाई।" मी विचारलं, भगवान जी वाला डिब्बा? "वो तो दीदी ने ख़ुद हाथ में लिया। बोलीं, इसे मैं रखूँगी।"

सामानाच्या पावतीवर तू लिहिलेला नंबर त्याच्याकडून घेतला. आता खरं सांगते, मी फोन केला होता. सव्वातीन वाजता जो अनोळखी फोन आला तो माझाच. तू "हॅलो" म्हणालीस. मग "कौन?" म्हणालीस. मी तुझा श्वास ऐकला आणि ठेवून दिला. तुझा आवाज जाड झालाय. सर्दी झाली का?

उघडलास की नाही, ते आवाजावरून कळलं नाही.

आई


नारी रोड, नागपूर, तळमजला
२१ फेब्रुवारी

नीलम,

काल दुपारी पोचलो. तू वर राहतेस आणि मी खालून लिहितेय, मध्ये अठरा पायऱ्या आहेत.

तू शाळेत होतीस. किल्ली शेजारच्या मुक्तानं दिली. "ताईंनी सगळं लावून ठेवलंय, काकू," म्हणाली. जयभीम म्हणाली. मी जयभीम म्हटलं ते सवयीनं दबक्या आवाजात, तिला वाटलं प्रवासाचा थकवा. तुझ्या गल्लीत दर दुसऱ्या दारावर बाबासाहेब आहेत, गच्चीवर पंचशील झेंडे आहेत, समोरची मुलं पायरीवर बसून मोठ्यानं वंदना म्हणत होती. बाबा गाडीतून उतरले ते खाली मान घालूनच आत गेले.

खरंच सगळं लावलं होतंस. गॅस जोडलेला, दूध आणून ठेवलेलं. बाबांच्या पलंगाशी भिंतीत धरायला लोखंडी दांडा बसवून घेतलास, संडासातही बसवलास. मी त्या दांड्याला हात लावून रडले, आणि मग पुढच्या खोलीत आले.

समोरच्या भिंतीवर तू होतीस. पट्टीसकट. जुना हार काढून शेवंतीचा ताजा घातला होतास. खाली उदबत्ती होती, अर्धी जळलेली. विभाचा दुपट्टा घडी करून खुर्चीवर ठेवला होता.

त्या भिंतीत खिळा एकच आहे. बाबासाहेब मी खुर्चीवर ठेवले.

संध्याकाळी तुझी पावलं वाजली. शेवटून तिसऱ्या पायरीवर डबा ठेवून तू वर गेलीस, मी दार उघडेपर्यंत नव्हतीस. मग मी आले वर. गुडघे दुखतात, तरी आले. दार वाजवलं, हाक मारली. तू आतून म्हणालीस, "जो मर गया, वो दरवाज़ा नहीं खोलता।" ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

झाशीचं आणि सागरचं पत्र दाराखालून सरकवलं आहे. हेही सरकवते. लखनौहून टाकलेलं आज आलं, मुक्ता देऊन गेली, ते फाडून टाकलं. त्यात काही नव्हतं.

आई


तळमजला
२७ फेब्रुवारी

नीलम,
जयभीम.

आठवडाभर तू पायरीवर डबा ठेवतेस, आम्ही खातो, घासून परत ठेवतो. बाबांना कमी तिखटाची भाजी वेगळी असते. हे असं किती दिवस चालेल माहीत नाही, पण तुला काही म्हणायचा हक्क मी घालवलाय. मला जे करता येण्यासारखं होतं ते मंगळवारी केलं. तू वरून ऐकलंस. ऐकावंस म्हणूनच जिन्यात बसून, स्पीकर लावून केलं. पण काही गोष्टी ऐकू गेल्या नसतील, त्या लिहिते.

विभाला फोनवर सांगितलं, "मेरी बेटी ज़िंदा है।" ती किंचाळली. देवाचं नाव घेत रडायला लागली, नवऱ्याला हाका मारायला लागली, "सुनिए, बिटिया ज़िंदा है!" एवढा आनंद तिला झाला गं. मग जरा शांत झाली आणि म्हणाली, "तो भाभीजी, वो तेरहवीं?" मी सगळं सांगितलं. का केलं ते सांगितलं, म्हणजे आपण कोण आहोत ते सांगावंच लागलं. मग म्हणाली, "अच्छा।" मग म्हणाली, "गैस पर दूध रखा है।" आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइलवर एक फोटो पाठवला, शब्द एकही नाही. आपलं कपाट गल्लीत उभं आहे, दारं उघडी, कचऱ्याच्या गाडीची वाट बघत. आठ वर्षं माझ्याबरोबर तुझ्यासाठी रडलेली बाई आहे ती. मला राग आला नाही, राग यायला पाहिजे होता.

बुधवारी डब्यावर तुझी चिठ्ठी होती. 'तेरह थे न? बाक़ी सबको भी बताइए।' मी वहीचं पान घेऊन पत्तली जशा मांडल्या होत्या तशी नावं लिहिली. सगळी आठवली, कोण कुठे बसलं होतं तेही आठवलं. विभाचा नवरा त्यातला एक, त्याला कळलं. उरले बारा.

त्यातल्या आठ जणांना मी सांगितलं. दोघांनी फोन मध्येच ठेवला. एकजण म्हणाला, पाप लगेगा आपको. मी म्हटलं, लागलंय. एका म्हाताऱ्यानं विचारलं, बिटिया ठीक तो है न? एवढंच विचारलं त्यानं, बाकी काही नाही.

काल तिवारीजींचा नंबर मी बाबांच्या हातात दिला. म्हटलं, तिथून सुरू झालं, तुम्ही सांगा. ते नाही म्हणतील असं वाटलं. त्यांनी दांडा धरून उभं राहून लावला. फोन तिवारीजींच्या मुलानं, सत्यजितनं घेतला. म्हणाला, बाबूजी तो कोरोना में चले गए, आप कौन? बाबांचा हात इतका कापत होता की फोन कानावर आपटत होता. मग म्हणाले, "मैं रामटेके। मेरी बेटी ज़िंदा है। मैंने झूठ बोला था।" त्या मुलाला काही कळेना. "जी, अच्छी बात है," म्हणाला, "पर आप किस काम से बोल रहे हैं?" बाबांनी फोन माझ्याकडे दिला आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजले. आज दुपारपर्यंत उठले नव्हते.

तेव्हा हिशेब असा झाला की तेरातल्या नऊ जणांना कळलं. चार वारले. तिवारीजी, पंडितजी आणि मागच्या गल्लीतले दोघे भाऊ. त्यांना आता कुठून सांगू? ते तुला मेलेली समजूनच गेले, माझ्या हातची सांबारवडी खाऊन गेले. त्यांच्यापुरती तू कधीच परत येणार नाहीस, आणि ते मी केलं, बाबांनी केलं, ते काही केल्या पुसता येत नाही.

भिंतीवरचा फोटो मी काढलेला नाही. हारही बदलला नाही, सुकू दिलाय. तू लावलास, काढायचा तर तूच काढ. बाबासाहेब अजून खुर्चीवर आहेत. आम्ही दोघं खाली सतरंजीवर बसतो.

तुझी आई
नीला रामटेके